क्लच लवकर गेला? नवा सेट टाकायच्या आधी कारण शोधा

गाडी जेमतेम २५-३० हजार किमी झालेली असते आणि गॅरेजवाला म्हणतो क्लच गेला साहेब, अख्खा सेट (क्लचची प्लेट आणि तिच्यासोबतचे पार्ट) टाकावा लागेल. का गेला विचारलं तर उत्तर ठरलेलं, तुम्ही हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, चालवता. बऱ्याचदा ते खरंही असतं, पण दरवेळी नाही. माझ्या गाडीचा पहिला सेट २८ हजारला बदलला तेव्हा मलाही हेच सांगितलं, मी ऐकून घेतलं, पैसे दिले, जुनी प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, बघितली पण नाही. पुढच्या सात हजार किमीत परत तोच प्रकार, चढाला गाडी ओढेना आणि जळका वास. दुसऱ्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवला तर प्लेट इंजिन ऑइलने भिजलेली, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं) मागचं ऑइल सील गळत होतं. सील काही शे रुपयांचं, आणि ते पहिल्या वेळीच बदललं असतं तर दुसरा सेट आणि दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोन्ही वाचलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नीट चालवलेल्या गाडीचा क्लच शहरात साधारण ६०-७० हजार तरी चालतो, हायवेवर जास्त पळणाऱ्या गाडीचा लाखाच्या वर सुद्धा जातो. त्याच्या निम्म्यातच गेला तर त्याला काहीतरी कारण आहे असंच समजा, आणि ते कारण सापडल्याशिवाय नवीन सेट टाकू नका.

आधी हे बघा की खरंच क्लच गेलाय का. पहिली गोष्ट म्हणजे पायाखालचं मॅट. हल्ली सगळे जाडजूड सेव्हन डी मॅट टाकतात, ते पेडलखाली येतं आणि पेडल पूर्ण खाली जातच नाही, मग क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडकतो, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो आणि आपल्याला वाटतं क्लच खराब झाला. मॅट काढून एक चक्कर मारून बघा, याला शून्य रुपये लागतात.

मग पेडलचा फ्री प्ले. केबलवाला क्लच असेल तर इंजिन बंद करून पेडल हाताने दाबा, सुरुवातीला थोडं अंतर एकदम हलकं जायला पाहिजे आणि मग जड लागायला पाहिजे. किती मिलीमीटर हवं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, गाडीगणिक वेगळं असतं. प्लेट झिजत जाते तसा हा फ्री प्ले कमी कमी होतो, आणि कोणी मधे मधे ॲडजस्ट केलाच नाही तर शून्य होतो. शून्य झाला म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच आहे, प्लेट सतत घसरते. असंही होतं, गिअर जड पडतो म्हणून एखाद्याने केबल जास्तच ताणून ठेवलेली असते आणि तिथून क्लच जळायला सुरुवात होते. गिअर जड आहे म्हणून सरळ केबल टाइट करणारा मेकॅनिक दिसला की त्याला नंतर फ्री प्ले मोजून दाखवायला सांगा.

हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा) असेल तर हे बहुतेक आपोआप जुळतं, तिथे डबीतलं फ्लुइड बघायचं. लेव्हल उतरली असेल तर कुठेतरी लीक आहे. पेडल मऊ लागतं, जमिनीजवळ गेल्यावर गिअर पडतो, आणि दोन-तीनदा पेडल पंप केलं की व्यवस्थित पडतो असं असेल तर प्लेटला दोष देऊ नका, हवा शिरलीय नाहीतर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलकडच्या किंवा क्लचकडच्या) सील गेलंय. यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज बऱ्याच गाड्यांत लागत नाही, पण काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कव्हरच्या) आत बेअरिंगसकटच असतो, तिथे उतरवावाच लागतो.

आता टेस्ट. क्लच घसरतोय का हे बघायचं असेल तर मोकळा सरळ रस्ता बघा, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ४०-५० च्या स्पीडला गाडी धरा आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि स्पीड दोन्ही हळूहळू बरोबर वाढले तर क्लच पकडतोय. आरपीएमचा काटा एकदम वर उडाला आणि स्पीड तिथेच राहिला तर घसरतोय, यात शंकेला जागा नाही. वरच्याच गिअरमध्ये का, तर तिथे गाडी ओढायला जड असते म्हणून घसरण लगेच कळते, पहिल्या-दुसऱ्यात कळतच नाही. टर्बो डिझेलमध्ये हे २००० आरपीएमच्या आसपास, जिथे टॉर्क (ओढायची ताकद) येतो तिथे आधी जाणवतं. आणि डिझेलला ताकद वाढवायचा ट्यूनिंग बॉक्स लावलेला असेल किंवा रिमॅप केलेली (इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) असेल तर कारण तिथेच आहे, कंपनीचा क्लच कंपनीच्या टॉर्कसाठी बनवलेला असतो, त्याच्यावर जास्तीचा टॉर्क टाकला की तो घसरणारच.

दुसरी टेस्ट, सपाट जागेवर, पुढे कोणी उभं नसताना. फूट ब्रेक घट्ट दाबा, तिसरा गिअर टाका आणि ॲक्सिलेटर न देता क्लच सोडा. इंजिन धाडकन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच फारच गेलेला आहे. ही टेस्ट एकदाच करायची, परत परत केली तर उरलासुरला क्लच तुम्हीच जाळाल.

क्लच पूर्ण सुटतोय का हे बघायला गाडी न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबल्यावर आतलं फिरणं बंद झालेलं असतं, तरीही कर्रर झालं तर क्लच सुटत नाहीये. कारणं मॅट, केबल, फ्लुइड, वाकलेली प्लेट, नाहीतर स्प्लाइनवर (प्लेट सरकते त्या शाफ्टच्या दातांवर) अडकलेली प्लेट. कोकणात गावाला पावसाळ्याचे तीन महिने गाडी न हलवता ठेवली तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला) चिकटते, ती पण केस इथलीच, पण त्याला क्लच लवकर गेला म्हणत नाहीत.

आवाजाचं सोपं आहे. न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर गुरगुर येते आणि पेडल दाबल्यावर जाते तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलटं, दाबल्यावरच येते तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. गाडी सोडताना थरथरते तर प्लेटवर ऑइल, फ्लायव्हीलवर जळाल्याचे डाग किंवा इंजिन माउंटिंग तुटलेलं, यातलं माउंटिंग आधी बघा कारण ते वरून दिसतं. पावसाळ्यात सकाळी पहिल्या एक-दोन वेळा थरथरून नंतर नीट होत असेल तर ती ओल आहे, सोडून द्या.

गाडी लिफ्टवर घेतली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून बघा, ओल आहे का. बोट लावून वास घ्या. इंजिन ऑइल काळपट असतं, क्रँकचं सील. गिअर ऑइलला गंधकासारखा घाणेरडा वास येतो, इनपुट शाफ्टचं सील. पातळ आणि फिकट असेल तर क्लच फ्लुइड. मला पहिल्या वेळी एवढं जरी कोणी दाखवलं असतं ना.

चालवण्याची सवय हे कारण आहेच, त्यात स्वतःशी खोटं बोलून उपयोग नाही. लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असतात, प्रत्येक जण ब्रेक न लावता क्लच अर्धा धरून गाडी चढावर तोलून ठेवतो. तेव्हा फ्लायव्हील हजार-दीड हजार आरपीएमने फिरत असतं आणि प्लेट जागेवर थांबलेली, सगळी उष्णता त्या दोन पृष्ठभागांच्या मधे. अर्ध्या तासात एखाद्या चांगल्या क्लचचं पुष्कळ आयुष्य असंच जातं. गणपतीला पाच माणसं, टपावर सामान आणि घाटात जाम, हे तर सगळ्यात वाईट. चढावर हँडब्रेक वापरा, पुढची गाडी दोन गाड्यांएवढी सरकू द्या आणि मग एकदाच सोडा. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही ती म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प, उलटी गाडी रिव्हर्समध्ये वर चढवणारे रोज सकाळी क्लच भाजतात. जमलं तर रात्री आत घेतानाच रिव्हर्समध्ये उतरवून लावा, सकाळी सरळ पहिल्या गिअरमध्ये बाहेर काढा. डाव्या पायाला सवय असेल पेडलवर टेकून राहायची तर ती पण मोडा, नुसत्या पायाच्या वजनाने बेअरिंग दिवसभर फिरत राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गिअरबॉक्स उतरल्यावर. त्या वेळी तुम्ही तिथे हजर रहा, किंवा निदान जुने पार्ट डिकीत ठेवायला आधीच सांगून ठेवा आणि फोटो मागवा. कारण खरं काय झालं ते या पार्टवर लिहिलेलं असतं.

प्लेटची लायनिंग (घासणारा थर) दोन्ही बाजूंनी सारखी झिजून रिव्हेटपर्यंत आलीय आणि बाकी सगळं स्वच्छ आहे तर ते वापराने झिजलंय, किमी कमी असतील तर सवय किंवा रोजचा रस्ता. लायनिंग अजून जाड आहे पण आरशासारखी चकाकतेय, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागावर) निळे-जांभळे डाग, बारीक भेगा, म्हणजे घसरून तापलंय, मग परत विचारायचं की घसरलं कशामुळे, पायामुळे की शून्य फ्री प्लेमुळे. लायनिंगवर तेलकट काळे डाग, कडेला चिखलासारखा थर, म्हणजे सील. एकच बाजू जास्त झिजलीय तर फ्लायव्हील खराब असताना फेसिंग (लेथवर घासून सपाट) न करता तसंच बसवलंय किंवा प्लेट स्प्लाइनवर मोकळी सरकत नाहीये. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा सैल किंवा तुटलेल्या, तर झटके देऊन गाडी सोडली जाते. लायनिंगचे तुकडे उडालेत तर बहुतेक फार स्पीडला चुकून खालचा गिअर पडलाय, पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा वगैरे, तेव्हा प्लेट तिच्या मर्यादेच्या बाहेर फिरते.

डायफ्रामच्या (प्रेशर प्लेटमधल्या स्प्रिंगच्या) बोटांची टोकं बघा, खोल घासलेली असतील तर बेअरिंग सतत टेकत होतं. बोटं वरखाली असतील तर स्प्रिंगच गेलीय किंवा बसवताना प्रेशर प्लेटचे बोल्ट एकाच बाजूने आवळलेत. आणि प्लेटच्या हबवर ओरखडे किंवा हब वाकडा दिसला तर गिअरबॉक्स बसवताना त्याचं सगळं वजन प्लेटवर लटकवलं होतं, हा पूर्णपणे बसवणाऱ्याचा दोष, आणि मागच्या सेटच्या बाबतीत तुम्ही तो हक्काने दाखवू शकता.

नवीन बसवताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदला, बेअरिंगमधे पैसे वाचवू नका, मजुरी तेवढीच लागते. गिअरबॉक्स खाली आहेच तर क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील बघूनच घ्या, जरा जरी ओल असेल तर बदला. फ्लायव्हीलवर डाग असतील तर लेथवर फेसिंग करून घ्या, पण ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मधे स्प्रिंगा असलेलं) असेल तर ते सहसा फेसिंग करत नाहीत, त्याचा खेळ मोजून चांगलं असेल तर ठेवतात नाहीतर बदलतात, आणि ते महाग असतं हे आधीच विचारून घ्या. प्लेट सेंटरिंग टूलने बसवा, स्प्लाइनवर ग्रीस अगदी नावापुरतं, जास्त लावलं तर तेच उडून लायनिंगवर जातं.

वॉरंटीत क्लच प्लेट झिजणारा पार्ट म्हणून बहुतेक वेळा नाकारतात. पण सील गळून प्लेट खराब झाली असेल तर ती झीज नव्हे, तो बिघाड आहे. ओल्या प्लेटचा, सीलचा आणि ओडोमीटरचा फोटो काढून जॉब कार्डवर तसं लिहून घ्या, तोंडी बोलणं नंतर कोणी मान्य करत नाही.

नवीन क्लचवर पहिले ५०० किमी तरी चढाला ओढाताण नको, जोरात सोडणं नको, लायनिंग बसायला वेळ लागतो. केबल असेल तर हजारएक किमीनंतर फ्री प्ले परत मोजा. मी तर पेडल किती वर आल्यावर गाडी पकडते ते नवीन सेट टाकल्याच्या दिवशी डॅशबोर्डच्या डायरीत लिहून ठेवलं होतं, आता त्या सेटवर ४१ हजार झालेत आणि अजून तिथेच पकडते.