क ते ज्ञ पाठ आहे पण वाचता येत नाही? मग घरी हे करून बघा

मी पहिलीच्या पोरांना शिकवते, दरवर्षी जूनमध्ये कोणाची तरी आई येऊन सांगते, मॅडम याला सगळी मुळाक्षरं पाठ आहेत पण वाचता येत नाही. अहो ते तर गाणं पाठ झालं! मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवून विचारा, पोरगं अडतं आणि मग क पासून म्हणत म्हणत तिथपर्यंत येतं.

त्यापेक्षा चारच अक्षरं घ्या, ग म भ न, आणि लगेच काना मिसळा की मामा, नाना, नाग, मान, भाग असे खरे शब्द तयार. भ आणि म मध्ये घोटाळा होत असेल तर भ दोन दिवस बाजूला ठेवा. घ आणि ध तर एका आठवड्यात घेऊच नका. मग क, र, त आणा, काका, कान, तारा, रोज पंधरा मिनिटं पुरे.

खरी अडचण पुढं येते. पोरगं घ, र असं सुटं सुटं म्हणतं आणि त्याला त्यात 'घर' ऐकूच येत नाही, कारण शेवटच्या र मधला अ आपण बोलताना खातो. तेव्हा अक्षरांखालून बोट न थांबवता सरकवा आणि ताणून म्हणा, घऽऽर.

वेलांटी दीर्घ आधी. मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी, उकार बहुतेक दीर्घच असतात, आजी, पाणी, भाजी, लाडू, काकू, म्हणजे सगळे घरातलेच शब्द मिळतात. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते पण बोलताना मागून, त्यामुळे 'दिवा' वाचताना पोरं गोंधळतात, त्यासाठी ओरडू नका प्लीज.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, पोरगं जे बोललं तेच मोठ्या अक्षरात लिहून द्या, 'आजीनं भाकरी केली', आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून वाचून घ्या. आपलंच वाक्य आहे म्हणून ते जीव लावून वाचतं. घरी 'पानी' म्हणत असतील तर तुम्ही पाणी लिहा, त्यानं पानी वाचलं तरी चालू द्या, अर्थ कळलाय ना त्याला.

जोडाक्षरं शेवटी. फक्त पोरीचं नाव स्वरा किंवा प्राची असेल तर ते पहिल्या दिवसापासून दाखवा, स्वतःचं नाव पोरं चित्रासारखं ओळखतात.