आजीची शिवणपेटी पुसताना

पेटी सावंतवाडीची लाखकामाची असेल तर स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. मी लावलं आणि झाकणावरचं अर्धं कमळ गेलं! फोंड्याच्या पावसात बुरशी धरणारच; ती कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि पेटी सावलीत उघडी ठेवा. उन्हात लाकूड तडकतं.

टाचणगादी उसवली तर कापूस भरू नका. आजीच्या गादीत विंचरताना निघालेले तिचेच केस होते. केसांच्या तेलाने सुया गंजत नाहीत. गंजलेली सुई राखेने घासा.

तळाशी अंगुस्तान, जुन्या सदऱ्यांच्या गुंड्या, दुधाच्या हिशेबाचा कपटा. कपटा टाकू नका. भरल्या घरात आजीच्या मालकीचं कुलूप एवढंच. जेवणं आटोपली की दुपारी तासभर उघडायचं. किल्ली मंगळसूत्रात.