मत नसलं तरी जर्मनीतली निवडणूक नीट कशी समजून घ्यावी

जर्मनीत नव्याने राहायला आल्यावर पहिली निवडणूक येते, तेव्हा दिव्याच्या खांबाखांबावर उमेदवारांचे चेहरे दिसू लागतात, ऑफिसात जेवताना चर्चा रंगते आणि आपण नुसती मान डोलावत बसतो. बुंडेसटागसाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, मत देता येतं ते फक्त जर्मन नागरिकांना. युरोपीय संघातल्या इतर देशांच्या लोकांना निदान पालिका निवडणुकीत मत आहे, भारतीय पासपोर्टवाल्यांना तेही नाही. पण आयकर, आरोग्य विमा, भाडेकरूंचे हक्क, व्हिसा आणि नागरिकत्व यांचे कायदे याच संसदेत ठरतात. म्हणून मत नसलेल्यानेही ही निवडणूक मन लावून बघावी, असं मला फार वाटतं.

आधी दोन मतांचं गणित

इथे प्रत्येक मतदाराला दोन मतं असतात आणि दोन्ही एकाच कागदी मतपत्रिकेवर. डावीकडे काळ्या रंगात आपल्या मतदारसंघातले उमेदवार, उजवीकडे निळ्या रंगात पक्ष. पहिल्या मताला एर्स्टश्टिमे म्हणतात, दुसऱ्याला झ्वाइटश्टिमे. नवख्या माणसाला पहिलं मत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर माणसांची नावं असतात. खरी सत्ता दुसऱ्या मतात आहे. 630 जागांपैकी कोणत्या पक्षाच्या वाट्याला किती, हे त्यावरूनच ठरतं.

2023 च्या सुधारणेनंतर तर मतदारसंघात पहिला आलेला उमेदवारही घरी बसू शकतो, जर त्याच्या पक्षाला दुसऱ्या मतांतून तेवढ्या जागा मिळाल्या नसतील. 23 फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत अशा 23 जणांना संसदेत जागा मिळाली नाही.

दुसरी गोष्ट पाच टक्क्यांच्या अटीची. देशभरात 5 टक्के मतं किंवा तीन मतदारसंघांत विजय, यातलं एकही जमलं नाही तर पक्षाला जागा नाहीत. (डॅनिश अल्पसंख्याकांच्या एसएसडब्ल्यू पक्षाला यातून सूट आहे, 2025 मध्ये त्यांचा एक खासदार निवडून आला.) त्या वेळी बीएसडब्ल्यू या नव्या पक्षाला 4.98 टक्के मतं पडली. साधारण साडेनऊ हजार मतं कमी पडली आणि पक्ष संसदेबाहेर राहिला. तो आत आला असता, तर पुढे सरकार बनवणाऱ्या सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी या पक्षांचं मिळूनही बहुमत झालं नसतं. म्हणून जनमत चाचणीचे आकडे बघताना वरच्या दोन पक्षांवरच नजर ठेवू नका. पाचाच्या आसपास कोण घुटमळतंय तेही बघा.

मग वाल-ओ-मॅट उघडा

मतदानाच्या काही आठवडे आधी केंद्र सरकारची नागरिक-शिक्षण संस्था हे ऑनलाइन साधन खुलं करते. 2002 पासून ते चालू आहे. त्यात 38 विधानं असतात आणि प्रत्येकाला सहमत, असहमत किंवा तटस्थ असं उत्तर द्यायचं. शेवटी कोणत्या पक्षाशी आपलं किती जुळतं ते टक्क्यांत दिसतं.

बरेच जण तो आकडा बघून पान बंद करतात. खरा ऐवज पुढे आहे. प्रत्येक विधानावर प्रत्येक पक्षाने आपली भूमिका का घेतली, ते स्वतःच्या शब्दांत थोडक्यात दिलेलं असतं. स्वतःला लागू पडणारी चार-पाच विधानं निवडा, समजा घरभाडं किंवा पेन्शन, आणि त्यावर सगळ्या पक्षांची उत्तरं एकाखाली एक वाचा. भाषा कच्ची असेल तर भाषांतराची मदत घ्या, पण मूळ जर्मन शब्द वहीत टिपा. तेच शब्द पुढे बातम्यांत रोज कानावर पडतात.

बातम्यांसाठी सोपी वाट म्हणजे टागेसशाऊ या टीव्ही बातम्यांचं सोप्या जर्मनमधलं बातमीपत्र, किंवा झेडडीएफ वाहिनीचं मुलांसाठीचं ‘लोगो!’. मोठ्या माणसाने ते बघण्यात काही कमीपणा नाही.

सहकाऱ्यांशी जरूर बोला, फक्त ‘मत कुणाला दिलंत’ असं थेट विचारू नका. ‘या वेळी तुमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा कोणता’ असं विचारलं की लोक मोकळेपणाने बोलतात.

मतमोजणी स्वतः बघायला जा

हे फार कमी नवागतांना माहीत असतं. मतदान आणि मोजणी कायद्याने सार्वजनिक आहे. कामात अडथळा आणला नाही तर कोणीही मतदान केंद्राच्या खोलीत उभं राहून बघू शकतं, त्यासाठी मताधिकार लागत नाही. मतदान रविवारी सकाळी 8 ते संध्याकाळी 6. सहाच्या थोडं आधी जवळच्या केंद्रावर जा, केंद्रप्रमुखाला नमस्कार करून ‘मोजणी बघायची आहे’ असं सांगा आणि फोन खिशात ठेवा.

पेटी टेबलावर रिकामी होते. मोजणारे लोक परिसरातलेच नागरिक असतात. दोन्ही मतं एकाच पक्षाला दिलेल्या पत्रिकांचे पक्षवार गठ्ठे, मतं विभागलेल्यांचा वेगळा, कोऱ्यांचा वेगळा. खूण धड नसलेली पत्रिका बाजूला ठेवतात आणि ती वैध की बाद, हे सगळे मिळून ठरवतात. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजणी. जुळले की निकाल मोठ्याने वाचून दाखवतात. दोन मतांचं गणित इथे जितकं डोक्यात बसतं, तितकं वाचून बसत नाही.

घरी राहिलात तर बरोबर सहाला टीव्हीवर पहिला अंदाज येतो. तो केंद्राबाहेर मतदारांना विचारून काढलेला असतो. त्यानंतरचे अंदाज, म्हणजे होखरेखनुंग, मोजलेल्या मतांवर आधारलेले, त्यामुळे जास्त भरवशाचे.

निकालानंतरच खरी जुळवाजुळव

चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, जनता थेट निवडत नाही, संसद निवडते. 2025 मध्ये फेब्रुवारीच्या निकालानंतर फ्रीडरिश मेर्त्स निवडून आले ते 6 मे रोजी, तेही दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत 316 मतं हवी होती, मिळाली 310.

या मधल्या काळात मिळून सरकार बनवणारे पक्ष एक करार लिहितात आणि तो सगळ्यांसाठी प्रसिद्ध होतो. 2025 चा करार 144 पानांचा होता. अख्खा वाचायची गरज नाही. स्थलांतर, काम आणि घर यांवरचे भाग शोधून वाचा. त्या करारात तीन वर्षांत नागरिकत्व मिळण्याची सोय रद्द करणार असं लिहिलं होतं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ती रद्द झालीही. सर्वसाधारण अट पाच वर्षांचीच राहिली. ज्यांनी करार वाचला होता, त्यांना हे कित्येक महिने आधीच ठाऊक होतं.