खाडीच्या पाण्यात वसुदेव उभा करताना

विशिष्ट जागेसाठीच घडवायच्या शिल्पाचे पहिले काम ज्यांच्या हाती आले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मातीकाम, आर्मेचर (आतला आधाराचा सांगाडा), साचा आणि फायबर कास्टिंग तुम्हाला येते, असे मी गृहीत धरते. मला येत नव्हते ते पाणी वाचणे, आणि माझे काम तिथेच अडले.

ऐरोलीकडच्या खाडीकाठी, जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांशेजारी मला यमुना ओलांडणारा वसुदेव उभा करायचा होता. 1973 साली वाशीचा पूल खुला होईपर्यंत इथून समोरच्या काठाला जायचे तर होडी, नाहीतर ठाण्याचा वळसा, हेच दोन मार्ग होते. त्यामुळे ही कथा त्या जागी उपरी वाटणार नव्हती. टोपलीबाहेर आलेल्या बाळाच्या पावलाला स्पर्श होताच यमुना ओसरली, हा क्षण खाडीनेच घडवावा, मोठ्या भरतीचे पाणी पावलापर्यंत चढावे आणि उतरावे, अशी माझी कल्पना होती. सारे शिल्प त्या एका पावलाच्या उंचीवर अवलंबून होते.

ती उंची मी चुकवली. श्रद्धेपोटी मोजमाप गोकुळाष्टमीला सुरू केले, सलग तीन दिवस भरतीची रेघ पायरीवर खुणावली आणि तिन्ही खुणा जवळजवळ सारख्या आल्याने निश्चिंत झाले. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, म्हणून त्यानंतरचे एक-दोन दिवस पाणी सर्वांत कमी चढते. त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही ओढी एका रेषेत येतात आणि पाठोपाठ उधाण येते. मुंबईत अपोलो बंदरला भांगाची भरती सरासरी 3.3 मीटर असते, तर उधाणाची 4.4 मीटरच्या आसपास. म्हणजे फरक एक मीटरहून अधिक. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी जागेवर उभा केलेला सांगाडा पाहायला गेले, तेव्हा पाऊल तर सोडाच, टोपलीही पाण्याखाली होती. ज्या यमुनेने बाळाला वाट दिली, तिनेच त्याला बुडवलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर घाईघाईने भरतीच्या छापील तक्त्यातील आकडा घेतला आणि तीच चूक दुसऱ्या रूपात करणार होते. तक्त्यातील उंची सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, तर आमच्या अभियंत्याच्या आराखड्यातील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून होती. मुंबईत या दोहोंत सुमारे 2.5 मीटरचे अंतर आहे. तक्त्यातील 4.5 आराखड्यात साधारण 2 होतो. शिवाय भरती खाडीच्या आतल्या टोकाला अपोलो बंदरपेक्षा उशिरा पोहोचते, त्यामुळे तक्त्यातील वेळही जशीच्या तशी धरू नका. जागेवर खांब रोवा, किमान दोन महिन्यांची उधाणे त्यावर रंगाने नोंदवा आणि मगच वेल्डरला बोलवा. संगणकावरचे चित्र हा या कामातला सर्वांत घातक आडमार्ग आहे, कारण त्यात पाणी आपल्याला हवे तिथेच थांबते.

मार्गदर्शकांविषयीही माझे मत ठाम आहे. ज्येष्ठ शिल्पकारांनी छायाचित्रे पाहून वसुदेवाच्या धोतराच्या चुण्या सुधारल्या, त्याचा उपयोग झालाच, पण धक्क्यावर जाळे विणत बसलेल्या कोळी काकांनी एका वाक्यात दोष सांगितला: "पोरी, तू भांगाचं पाणी मोजलंस, उधाण पाहिलंच नाहीस." त्यांना आधी विचारले असते, तर सांगाडा कापावा लागला नसता.

परवानग्यांचे काम ओतकामापेक्षा लांबते. कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा सोडूनच जागा निवडा; त्यात तडजोड करू नका. आतले पोलाद साधे वापरू नका. 304 जातीचे स्टेनलेस स्टीलही खाऱ्या पाण्यात ठिपक्याठिपक्यांनी खाल्ले जाते. 316 घ्या, त्यातील मॉलिब्डेनममुळे ते अधिक टिकते. जो भाग पुन्हापुन्हा भिजतो आणि वाळतो, तोच सर्वांत लवकर गंजतो, आणि आपले पाऊल नेमके तिथेच असते.

एवढे वाचून माघार घेऊ नका. कापलेला सांगाडा जोडता येतो; माझा जोडला गेला, शिल्प उभे आहे. पाणी आता महिन्यातले मोजकेच दिवस पावलापर्यंत येते आणि एरवी ते पाऊल चिखलावर अधांतरी असते. लोक विचारत राहिले, म्हणून धक्क्यावर लहान पाटी लावली आहे: अमावास्या आणि पौर्णिमेनंतरचे दोन दिवस.