जास्वंदीला मिलीबग आणि तुळशीवर मधमाश्या, मग औषध मारायचं कसं?

ठाण्यात घोडबंदर रोडला बाल्कनीत बाग करणाऱ्यांचं हे नेहमीचंच, जास्वंदीवर पांढरा मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला की नर्सरीवाला एक बाटली हातात देतो आणि आपण मारून मोकळे. आधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं असतील तर फुलझाडाला नकोच. ते झाडात भिनतं आणि नंतर उमलणाऱ्या फुलाच्या मकरंदात-परागातही उतरतं, त्यामुळे मधमाश्या नसताना रात्री मारलं तरी उपयोग नाही.

थोड्या डोसने मधमाशी मरत नाही, तिचं डोकं चालेनासं होतं, खरी गोची ती. लॅबमध्ये माशीला नळीत अडकवून एक वास देतात आणि लगेच मिशांना साखरपाणी लावतात, असं काही वेळा केलं की ती नुसत्या वासालाच जीभ बाहेर काढायला शिकते, पण इमिडाक्लोप्रिड पाजलेली माशी हे शिकताना गडबडते. 2012 मध्ये फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर इवलेसे टॅग चिकटवले, थोडं थायामेथोक्झाम पाजून लांब सोडलं, तर त्यातल्या बऱ्याच पोळ्यात परतल्याच नाहीत. हे प्रयोग युरोपियन माशीवरचे, आपल्याकडे येते ती सातेरी नाहीतर फुलोरी, पण रस्ता लक्षात ठेवून घरी जायचं काम तिलाही आहेच ना. आणि तिला चव कळेल म्हणाल तर 2015 च्या प्रयोगात माश्यांनी औषधवालं साखरपाणीच जास्त प्यायलं!

मिलीबग थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने घासा, जोरात पाणी मारा. नाही गेला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि लिक्विड सोपचे थेंब, तेही सूर्य मावळल्यावर, उमललेली जास्वंद देवाला काढून घेतल्यावरच. तुळशीच्या मंजिऱ्यांना हात लावू नका, माश्या तिथेच असतात. आधीच बाटलीतलं औषध कुंडीत ओतलं असेल तर खालच्या ताटलीतलं पाणी टाकून द्या, उन्हाळ्यात माश्या तेच पितात. वेगळ्या बशीत खडे टाकून साधं पाणी ठेवा.

फरशीवर माशी गोल गोल फिरतेय, थरथरतेय, मेलेलीची जीभ बाहेर आलीय तर विषबाधेचा संशय घ्या, आसपास कुणी फवारलं का विचारा. रात्री ट्यूबलाइटखाली पडलेल्या मोठ्या आग्या माश्यांची गोष्ट वेगळी, त्या बहुतेक उजेडाला आलेल्या असतात, लाइट बंद करा आणि हात लावू नका.