खुल्या खाणीचा उतार हलतोय का, हे कसं ओळखायचं

उतार कोसळण्याआधी बहुधा हलू लागतो. तो किती हलला यापेक्षा त्याचा वेग वाढतोय का, हे पाहणं जास्त महत्त्वाचं.

सुरुवात माथ्यावरून करा. पाऊस किंवा ब्लास्टिंग झाल्यावर बेंचच्या (उतारातल्या पायरीच्या) कडेमागे समांतर भेगा शोधा. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करून तारीख लिहा. म्हणजे ती लांबतेय का हे कळतं. भेगेच्या अल्याड-पल्याड एकेक सळई अर्धा मीटर खोल ठोका आणि रोज स्टीलच्या टेपने अंतर मोजा. दोन्ही डोक्यांच्या उंचीतला फरकही नोंदवा, कारण पुढची बाजू खचत असेल तर ती आधी तिथेच दिसते. भेग झपाट्याने उघडत असेल, तर पलीकडे कुणालाही पाठवू नका. रडारने दुरून मोजा.

टोटल स्टेशन (दुरून अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) आणि प्रिझम (उतारावर बसवलेला, यंत्राचा किरण परतवणारा आरसा) वापरताना सगळ्यात मोठा घोळ हवेमुळे होतो. तापमानात १० अंशांचा फरक पडला आणि दुरुस्ती केली नाही, तर १ किलोमीटरवरचा प्रिझम सुमारे १ सेंटीमीटर सरकल्यासारखा दिसतो. म्हणून वाचन रोज एकाच वेळी, शक्यतो पहाटे घ्या. खाणीच्या प्रभावाबाहेरच्या पक्क्या जमिनीवर किमान तीन संदर्भ प्रिझम ठेवा. यंत्राचा खांबच सरकत असला, तर बाकी सगळे आकडे फसवे ठरतात.

पाण्याकडे दुर्लक्ष नको. पिझोमीटरमधला (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणातला) दाब चढला की खडकाच्या सांध्यांमधला घर्षणरोध घटतो. अशा वेळी किंचित वर चढते आडवे निचरा-बोअर मारा.

आता आलेख. रोजचा वेग काढा आणि १ भागिले वेग तारखेसमोर मांडा. समजा, आज वेग दिवसाला १० मिमी आहे, म्हणजे ०.१, तीन दिवसांनी २० मिमी झाला, म्हणजे ०.०५. रेषा तशीच पुढे नेली तर आणखी तीन दिवसांनी शून्याला टेकते. तोच कोसळण्याचा अंदाज. दोन बिंदूंवर विसंबू नका, रोज नवा बिंदू टाका. ब्लास्टिंगनंतर वेग क्षणभर वाढून पुन्हा उतरतो, तो वेगळा ओळखा.

१० एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत प्रचंड कडा कोसळला, पण मोजमापांमुळे माणसं आधीच हलवलेली होती आणि कुणालाही इजा झाली नाही. म्हणून किती वेगाला हॉल रोड (डंपरचा रस्ता) बंद करायचा, कितीला खाण रिकामी करायची आणि हा आदेश कोण देणार, हे आधीच लिहून प्रत्येक पाळीच्या फोरमनकडे द्या.