सामन सोडताना गळ चटकन निघावा म्हणून

कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सामन (सॅल्मन) मासा पकडताना उलटा काटा, म्हणजे गळाच्या टोकाजवळचा मागे वळलेला बारीक काटा, नसलेलाच गळ वापरणे बंधनकारक आहे. पण दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गळांना तो काटा असतो. तो दाबून सपाट केला, की नवे गळ घेण्याचा खर्च टाळता येतो.

निमुळत्या तोंडाच्या पकडीने काटा गळाच्या टोकाकडून हळूहळू दाबून पूर्ण सपाट करावा. नंतर गळ जुन्या सुती फडक्यात खुपसून मागे ओढावा. एकही धागा अडकला नाही, तरच काम झाले असे समजावे, कारण बोटाला गुळगुळीत लागणारा काटाही फडक्यात अडकू शकतो. एका झटक्यात जोर लावल्यास गळाचे टोकच तुटू शकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.

सोडायचा मासा होडीत न घेता पाण्यातच ठेवावा आणि गळाची दांडी पकडीत धरून गळ उलटा फिरवावा. तो बहुधा आपसूक निसटतो. माशाला कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरू नये, त्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

एवढे मात्र सांभाळावे: काटा नसल्याने दोरी क्षणभर सैल पडली तरी ठेवायचा मासाही हातचा जाऊ शकतो.